उशाशी बसलेली माणसे

मराठी नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून माणसे पुष्कळ मरतात; पण मरणाऱ्याच्या उशाशी नीट बसलेली माणसे मात्र त्यांत फार थोडी सापडतात. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. अंथरुणाभोवतीची गर्दी तर आपल्या साहित्यात नेहमीचीच. बायको असते, मुले असतात, ऐन वेळी धापा टाकीत आलेला मित्र असतो, तोंडाला पदर लावून भिंतीशी उभी राहिलेली शेजारीण असते. परंतु ही सारी मंडळी तेथे करतात काय, असे विचारले म्हणजे उत्तर देणे कठीण जाते. बहुतेक वेळा ती नुसती ऐकत असतात. मरणारा बोलतो, कुणाचा हात कुणाच्या हातात देतो, कुणाला क्षमा करतो, कुणाकडून वचन घेतो. बोलणे संपले की त्याची मान कलते, आणि मग या मंडळींना रडण्याची परवानगी मिळते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे फराळाचे ताट पुढ्यात घेतलेला वाचक म्हणेल. पण आपल्या पूर्वजांना तसे वाटत नसावे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून आपण जो दिवा ठेवतो तो यमासाठी असतो. आणि भाऊबीजेचे जुने नाव यमद्वितीया, कारण त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे जेवायला जातो. ज्या सणाने यमाला दिवा दाखवला आणि बहिणीच्या घरी पाटावर बसवले, त्या सणाच्या अंकात चार पाने त्याच्याविषयी आली तर अमंगळ काही घडणार नाही. शिवाय दिवाळीला घरी आलेली माणसे मधल्या खोलीतल्या आजीपाशी क्षणभर टेकतात, आणि काय बोलावे हे न सुचून उठून जातात. हा लेख मुख्यतः त्या न सुचण्याविषयी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मरणाचा प्रसंग लेखकाला साधला की नाही हे ओळखायचे असेल, तर मरणाऱ्याकडे पाहू नये. उशाशी बसलेल्यांकडे पाहावे. त्यांच्या हातांना काही काम आहे का? त्यांच्या तोंडी रोजचे बोलणे आहे का? असेल, तर तो प्रसंग खरा. नसेल, तर ती माणसे नव्हेत, प्रेक्षक आहेत. आणि लेखकाने उशाशी प्रेक्षक बसवले की पुढे वाचकही आपल्या घरातल्या अंथरुणापाशी प्रेक्षक म्हणूनच जाऊन बसतो. साहित्याचा परिणाम होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या एका बाबतीत तरी आपल्या घरात डोकावून पाहावे.

आमच्या कर्जत-खालापूरच्या बाजूचे एक उदाहरण देतो. एक वृद्ध शेतकरी महिनाभर अंथरुणाला खिळून होता. त्याचा बालमित्र रोज दिवेलागणीला येई, उशाशी बसे, आणि कुणाचे भात कापून झाले, कुणाचे पावसात आडवे झाले, कुणाची म्हैस व्याली, हे सगळे त्याला ऐकवी. आजारी माणूस डोळेसुद्धा उघडीत नसे. शेवटच्या आठवड्यात मुंबईहून मुले आली. थोरला वाकून पुन्हा पुन्हा विचारू लागला, “दादा, काही सांगायचंय का? कुणाला काही सांगायचंय का?” तेव्हा तो मित्र शांतपणे म्हणाला, “त्याला काय सांगायचं नाय आता. त्याला ऐकायचंय.” आणि त्याने पुन्हा भाताची गोष्ट सुरू केली.

थोरल्या मुलाला हसण्याचे कारण नाही. त्याने शेवटच्या शब्दांची वाट पाहिली, कारण आपण सर्वांनीच ती पाहायला शिकलो आहोत. आणि हे शिक्षण आपल्याला मुख्यतः रंगभूमीने दिले. ‘एकच प्याला’ हे त्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, आणि नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर. बालगंधर्वांच्या सिंधूने मराठी प्रेक्षकांच्या दोन पिढ्या रडवल्या. मरणोन्मुख सिंधू ज्याने संसार उद्ध्वस्त केला त्या नवऱ्याला वाचवण्यासाठी शेवटच्या क्षणीही खोटे बोलते. नाटक म्हणून हा प्रसंग जबरदस्त आहे हे मान्य केलेच पाहिजे. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर पात्राला बोलावेच लागते. मुकाट्याने पाणी पाजणारी बाई दहाव्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही. पण या प्रसंगात मरण हे पातिव्रत्याच्या परीक्षेचे शेवटचे पान होते. भोवतालची माणसे त्या परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असतात. सिंधूची तहान कुणी भागवली, तिचे अंग कुणी पुसले, हे प्रश्न आपल्याला सुचतही नाहीत. गडकऱ्यांच्या प्रतिभेचा विजय म्हणाल तर हाच, आणि तिने आपल्यावर मागे ठेवलेला भारही हाच.

शिरवाडकरांना या भाराची जाणीव असावी असे मला वाटते. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातला अप्पा बेलवलकर मरता मरताही बोलतोच, आणि भरभरून बोलतो; पण तो नटच आहे, भूमिका बोलणे हाच त्याचा श्वास आहे. म्हणजे ज्या संकेताखाली इतर नाटके वाकतात, तो संकेत शिरवाडकरांनी पात्राचा स्वभाव करून टाकला. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, अप्पांना खरी सोबत कोण करते? मुले शोधीत येतात ती अखेरीस. पडत्या काळात आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. त्याला अप्पांच्या थोरवीचे फारसे देणेघेणे नाही. एक म्हातारा आपल्याजवळ आहे, त्याला खायला हवे, बोलायला कुणी हवे, एवढेच त्याला कळते. नाटक पाहून घरी जाताना प्रेक्षक अप्पांची स्वगते म्हणत जातो, राजाला विसरतो. माझ्या मते ‘नटसम्राटा’चा खरा अभ्यास राजापासून सुरू व्हायला हवा.

रंगभूमीच्या आधी आपल्याकडे या विषयाची एक फार जुनी आणि फार वेगळी परंपरा होती, हे आपण विसरलो आहोत. कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६. आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. दिवाळीनंतर चार आठवड्यांनी येणाऱ्या या तिथीसाठी आमच्या भागातल्या दिंड्या आजही बोरघाट चढून जातात. त्या प्रसंगावरचे नामदेवांचे समाधीचे अभंग कीर्तनांतून आपण ऐकत आलो आहोत. त्यांतले सगळे नामदेवांचेच की काही नंतरच्या कवींचे, हा वाद अभ्यासकांचा. आपल्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही. समाधी म्हणजे सामान्य माणसाचे आजारपण नव्हे, हेही खरे. तरीसुद्धा जाणाऱ्याच्या सोबतीचे काव्य म्हणून मराठीत याच्या तोडीचे दुसरे मला माहीत नाही.

त्या अभंगांकडे उशाशी बसलेल्यांच्या बाजूने पाहा. तेथे शोक आहे, भरपूर आहे. पण शोक करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती काम दिलेले आहे. नामदेवांची मुले जागा झाडायला गेलेली आहेत. वडील भाऊ आणि गुरू असलेले निवृत्तिनाथ जाणाऱ्याचा हात धरून त्याला नेतात, आणि शेवटची शिळा लावण्याचे कामही त्यांच्याकडेच येते. ज्याच्याकडून सर्वांत जास्त धीराची अपेक्षा, तो निवृत्तीच ढासळतो. आणि कवी त्याचे ढासळणे झाकीत नाही. ब्रह्मज्ञान्याने भावासाठी रडावे यात कवीला कमीपणा वाटला नाही. तत्त्वज्ञान कितीही पचवले तरी भाऊ तो भाऊ. पण रडत असतानाही निवृत्तीने हात सोडलेला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रडणे आणि हात धरून ठेवणे ही दोन्ही एकाच वेळी करता येतात, हे सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगाने आपल्याला दाखवून ठेवले आहे.

हाच धागा पुढे सापडतो तो नाटककारांकडे नव्हे, तर घरातल्या बायकांच्या लेखणीत. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आले. महाराष्ट्राला न्यायमूर्ती हवे होते, समाजसुधारक हवे होते, अर्थशास्त्रज्ञ हवे होते. रमाबाईंपाशी मात्र एक आजारी माणूस होता, आणि त्याचे जेवण, त्याची झोप, त्याच्या कळा यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला होता. मोठ्या माणसाचे मरण लिहिताना लेखणीला सहज पंख फुटतात. रमाबाईंची लेखणी जमिनीवरच राहते. त्यांच्या आठवणींना चरित्राचे साधन म्हणून आपण मान देतो, पण शुश्रूषेचे गद्य म्हणून त्यांच्याकडे पाहत नाही. मोठ्यांच्या शेवटच्या दिवसांचा खरा वृत्तान्त ज्यांनी औषधाची बाटली हातात धरली होती त्यांच्याकडूनच मिळतो, हा धडा आपल्या चरित्रकारांनी त्यांच्याकडून घ्यायला हवा होता.

आता ज्या पुस्तकाशिवाय हा विषय पुरा होऊ शकत नाही त्याकडे येतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते प्रसिद्ध झाले १९३५ साली. या पुस्तकावर रडवेपणाचा आक्षेप नेहमीच घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांनी या पुस्तकाची रचना नीट पाहिलेली नाही असे मला म्हणावेसे वाटते. आईच्या शेवटच्या आजारात श्याम जवळ नाही. जवळ आहे ती सखूमावशी, वडील, धाकटे भावंड, शेजारपाजारच्या बायका. श्याम पोचतो तेव्हा आई गेलेली असते. त्याच्या वाट्याला येते ती राख. म्हणजे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध मातृमरण हे उशाशी नसलेल्या मुलाने सांगितलेले आहे.

आणि तो ते कसे सांगतो? एकट्याने नव्हे, एका बैठकीत नव्हे. तो मित्रांना जमवतो आणि एकामागून एक अशा बेचाळीस रात्री जागवतो. प्रकरणांना त्याने प्रकरणे म्हटलेच नाही; रात्र पहिली, रात्र दुसरी, असेच म्हटले. मला या मोजणीचा अर्थ असा दिसतो की, आईच्या अंथरुणापाशी जागायच्या ज्या रात्री राहून गेल्या, त्या श्याम मित्रांच्या सोबतीने मागाहून जागून काढतो आहे. त्याचे अश्रू हे उशिरा पोचलेल्याचे अश्रू आहेत. म्हणून ते थांबत नाहीत. जी सखूमावशी प्रत्यक्ष तेथे होती तिने हे पुस्तक लिहिले असते तर ते बेचाळीस रात्रींचे झाले नसते. कदाचित चार पानांचे झाले असते, आणि त्यात डोळ्यांपेक्षा हातांचा उल्लेख अधिक आला असता. रडवेपणाचा आक्षेप घेणाऱ्या टीकाकारांनी हा फरक ध्यानात घेतला तर त्यांचा आक्षेप उरेल, पण त्याचा सूर बदलेल.

उशिरा पोचणे ही आमच्या कर्जतकरांच्या ओळखीची गोष्ट आहे. खोपोलीपर्यंत आगगाडी आली १८५६ साली, आणि बोरघाट चढून ती पुण्याकडे जाऊ लागली १८६३ साली. तेव्हापासून आमच्या भागातली तरणी माणसे गाडीत बसून मुंबईला गेली आणि म्हातारी माणसे स्टेशनाकडे कान लावून मागे राहिली. आधी तार येई. तारेचे घर २०१३ साली बंद झाले, आता फोन येतो. पण बातमी कितीही लवकर पोचली तरी माणसाला पोचायला गाडीच लागते, आणि ती आपल्या वेळेनेच धावते. म्हणूनच ‘श्यामची आई’ हे कोकणातल्या पालगडचे पुस्तक असले तरी आमच्याकडे ते आपल्याच घरचे वाटते. पिढ्यान्‌पिढ्या उशिरा पोचलेल्या मुलांचा हा भाग आहे.

खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. त्यांचा उल्लेख येथे दोन कारणांनी करतो. १९१८ साली बडोद्याला त्यांची आई वारली. अंत्यसंस्कार भटजींकडून व्हायचे ठरले, आणि ते विनोबांना पटेना. तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत, घरीच ग्रंथपठण करीत बसले. लोकांना हा कठोरपणा वाटला असेल. पण मरणानंतरच्या विधीपेक्षा मरणाआधीची सोबत आणि मरणानंतरचे स्मरण यांना अधिक मोल देणारी ही वृत्ती आहे. आईला समजेल अशी मराठी गीता असावी, या तिच्या इच्छेतून पुढे ‘गीताई’ झाली, आणि ती अनेक घरांतून आजाऱ्यापाशी बसून वाचली जाते. स्वतः विनोबांना ५ नोव्हेंबर १९८२ रोजी हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी अन्न आणि औषध सोडले, आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या दिवशी, पवनारला देह ठेवला. अशा माणसापाशी बसणे किती अवघड असेल! ‘घोटभर घ्या’ हे शब्द ओठांवर येतात आणि गिळावे लागतात. सोबत म्हणजे नेहमी काहीतरी देणे नव्हे, कधी देणारा हात मागे घेणेही सोबतच असते. या गोष्टीवर एखादी चांगली कथा मराठीत अजून लिहिली जायची आहे.

‘गीताई’च्या निमित्ताने आणखी एक सांगावेसे वाटते. उशाशी काय वाचावे, हाही वाङ्मयीन प्रश्नच आहे. गीता, हरिपाठ, अभंग हे तर आहेतच, आणि त्यांच्या चालीत जो आधार आहे तो अर्थ न कळणाऱ्यालाही मिळतो. पण जन्मभर ज्याने पंचांग आणि बाजारभाव वाचले त्याला तेच वाचून दाखवण्यात पाप नाही. वाचन हे मरणाऱ्याच्या आवडीचे हवे. जगणाऱ्याच्या समाधानाचे नव्हे.

हे सगळे वाङ्मयीन काथ्याकूट वाटत असेल तर २०२० आणि २०२१ ही वर्षे आठवावीत. साथीच्या त्या दिवसांत असंख्य माणसे कुणीही जवळ नसताना गेली. मुले बाहेर उभी राहिली. कित्येकांना चेहराही पाहायला मिळाला नाही. झाकलेल्या अंगाच्या परिचारिकेने स्वतःचा फोन आजाऱ्याच्या कानाशी धरला आणि तेवढ्यावर निरोप झाले. त्या घरांतून नंतर जी हळहळ ऐकू आली ती कशाची होती? ‘शेवटचे शब्द ऐकायला मिळाले नाहीत’ हे होतेच. पण त्याहून खोल हळहळ होती ती ‘आपल्या हाताने पाणी पाजता आले नाही’ याची. शब्दांची हौस आपल्याला नाटकांनी लावली. पाण्याची ओढ मात्र आपली, मुळातली. इतक्या मोठ्या प्रसंगाने आपल्याला हा भेद दाखवून दिला आणि तरीही आपल्या कथाकादंबऱ्या पुन्हा शेवटच्या संवादांकडेच वळल्या, तर तो करंटेपणा होईल.

आज अनेकांचे शेवटचे अंथरूण घरात नसते, रुग्णालयात असते. तेथे भेटीची वेळ असते, काच असते, यंत्रांचे आवाज असतात. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. बऱ्या न होणाऱ्या रोग्यांना अखेरपर्यंत वेदनेपासून जपणारी आपल्या देशातली ही पहिली संस्था. बरे करणे संपले तरी काळजी घेणे संपत नाही, हे तत्त्व अशा संस्थांनी मानले. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बाया ते न शिकताच जाणत होत्या. वैद्याने हात टेकले की त्यांचे काम सुरू होई: कूस बदलणे, ओठ ओले करणे, पाय चेपणे, आणि उशाशी बसून वालाच्या शेंगा सोलीत सुनेला ओरडणे. हे ओरडणेही मी सोबतीतच धरतो. आपण आहोत तोवर घर चालू आहे, हे मरणाऱ्याला त्या आवाजातून कळत असते.

लेखकांकडे माझे मागणे फार मोठे नाही. त्यांनी मरणाऱ्याला थोडा वेळ गप्प राहू द्यावे, आणि सखूमावशीला बोलू द्यावे. तिच्याकडे उपदेश नाही, पण तपशील आहे. आणि गद्याला उपदेशापेक्षा तपशिलाने अधिक बळ येते. तिला रात्री किती वेळा उठावे लागले, तिचा केव्हा केव्हा संताप झाला, ‘आता सुटावा बिचारा’ असे मनात येऊन तिने स्वतःलाच कसे फटकारले, हे सारे मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. ते लिहिणारी माणसे बहुधा थकून झोपी जातात, आणि लिहिण्याचे काम उशिरा पोचलेल्यांकडे येते.

कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. आमच्याकडे त्यांना बँकर म्हणतात. पुढच्या डब्यातल्या उतारूला ती दिसतही नाहीत. चढ संपेपर्यंत ती मागून रेटा देतात, माथ्यावर पोचली की सुटी होतात, गाडी पुढे जाते आणि ती घाट उतरून परत येतात. उशाशी बसलेल्यांचे काम याहून वेगळे नाही. त्यांनी बरोबर जायचे नसते, चढापुरती साथ द्यायची असते, आणि मग परत येऊन दुसऱ्या दिवशीची चूल पेटवायची असते. मराठी साहित्याने आजवर पुढे गेलेल्या गाडीचेच वर्णन पुष्कळ केले. परत आलेल्यांचे अजून लिहायचे आहे.